आईचं स्वच्छ रेकॉर्डिंग

माझ्या मामाला शब्द ऐकू येत नाहीत, आवाज ऐकू येतो. ऐकणाऱ्याला ही गंमत वाटते, आणि आमच्या घरात पुष्कळ वर्षं ती गंमतच होती. मोठ्या सभागृहात त्याने एकतीस वर्षं साउंडचं काम केलं. या काळात त्याच्या कानांवरून किती भाषणं गेली असतील याची मोजदाद नाही. पण तो घरी आला की आई विचारायची, "काय बोलले रे आजचे पाहुणे?" आणि मामा चपला काढता काढता सांगायचा, "पुढच्या दातांत फट आहे त्यांच्या. प्रत्येक 'स'ला शिट्टी."

"अरे, पण बोलले काय?"

"ते मला काय माहीत? मी कामात होतो."

एकदा एका वृद्ध डॉक्टरांच्या शोकसभेला मीही गेले होते. त्यांच्या पत्नी बोलायला उभ्या राहिल्या आणि सगळं सभागृह पाणावलं. मी डोळे पुसत मामाच्या काचेच्या खोलीत गेले तर हा कपाळाला आठ्या घालून बसलेला. म्हणाला, "माइक सारखा हनुवटीला लागत होता. तीनदा खूण केली, बघितलंच नाही त्यांनी." मी त्याला तिथल्या तिथे झोडपणार होते. पण खरं सांगायचं तर त्या बाईंचं शेवटचं, अगदी हळू आवाजातलं वाक्य मागच्या रांगेपर्यंत पोचलं होतं ते याच्यामुळेच. ते वाक्य काय होतं, हे मात्र एकट्या त्यालाच ठाऊक नव्हतं.

त्याचं खरं वैर होतं खरखरीशी. सभागृहातले लोक त्याला 'खरखरे' म्हणत. एका नव्या मॅनेजरने ते त्याचं आडनावच समजून दोन वर्षं 'खरखरेसाहेब' अशी हाक मारली, आणि मामानेही ती दुरुस्त केली नाही. त्याच्या टेबलाजवळ वायरलेस माइकचे आठ रिसीव्हर एकावर एक रचलेले असत. माइक हवेतून पाठवतो तो आवाज पकडणारे हे डबे. हवेत काय एकच आवाज असतो? कुणाचा मोबाइल, शेजारच्या हॉलमधला माइक, नुसतीच कसलीशी सळसळ, सगळं त्या डब्यात शिरायला टपलेलं. म्हणून त्याला एक राखण असते. ठरावीक रेषेच्या खाली जे येईल त्याला डबा तोंड उघडू देत नाही. ती रेषा फार खाली ठेवली तर खरखर येते, आणि फार वर चढवली तर बोलता बोलता माणूसच गायब होतो. ही रेषा कुठे ठेवायची यात मामाचं सगळं आयुष्य गेलं. आणि तो ती नेहमी इतरांपेक्षा बोटभर वरच ठेवायचा. "बोलणाऱ्याने जरा मोठ्याने बोलावं," म्हणायचा. "खरखर कुणी ऐकावी?"

मी तीन वर्षांची असताना माझे वडील गेले. तेव्हापासून मामा आमच्याकडे. म्हणजे आधी तो महिनाभरासाठी आला, आणि मग त्या महिन्याला शेवटच आला नाही. आतल्या लहान खोलीत त्याची खाट, वायरींची भेंडोळी आणि उघडून ठेवलेले रेडिओ. मला शाळेत सोडणारा तो, तापात उशाशी बसणारा तो. त्याने लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर आईच परस्पर उत्तर द्यायची, "त्याला पसंत पडेल असा आवाज देवाने अजून कुणा मुलीच्या गळ्यात घातलेला नाही!" सगळे हसायचे. मामाही हसायचा. हा विनोद मी स्वतः पाहुण्यांसमोर किती वेळा केला असेल! आता आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि तिचा आवाज शाळेच्या घंटेसारखा होता. तिसऱ्या मजल्यावरून तिने हाक मारली की रस्त्यावरचे चार अनोळखी लोकही थांबायचे. मामाला ती, तो अजून सहावीत असल्यासारखं, झापायची आणि तो निमूट ऐकून घ्यायचा. पण तिचा एक दुसरा आवाजही होता. दिवे मालवल्यावरचा, हळू, जरासा घोगरा. मला झोपवताना तो यायचा, आणि काही कबूल करायचं असलं की यायचा. तो बाहेरच्या कुणी ऐकलेला नाही.

सदुसष्टाव्या वर्षी तिचा घसा बसला तो उठेचना. काढे झाले, गुळण्या झाल्या, गोळ्या झाल्या. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. ऑपरेशन नऊ दिवसांनी. उठताना ते म्हणाले, "काही बोलून ठेवायचं असेल तर या दिवसांत ठेवा. पुष्कळ लोक ठेवतात."

मी मोबाइल काढून तिथेच सुरू करणार होते. माझा स्वभावच तसा, आधी उडी आणि मग पाण्याचा अंदाज. मामाने माझा हात धरला. "असं तसं नाही करायचं," म्हणाला. "ताईचा आवाज आहे. नीट करू."

ऑपरेशन पाच दिवसांवर आलं होतं, त्या रविवारी सकाळी त्याने मांडामांड केली. नवीन लहान वायरलेस संच आणला होता. आईच्या गळ्याशी लावायचा बोटाएवढा माइक, आणि समोर टेबलावर काडेपेटीएवढा रिसीव्हर, त्याला इवलासा पडदा. मामाने फ्रीज बंद केला. पंखा बंद केला. भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. खिडक्यांना गोधड्या टांगल्या. खालच्या मजल्यावरच्या बाईंना जाऊन सांगितलं की दोन तास मिक्सर लावू नका. आई म्हणाली, "अरे, माझ्या लग्नातसुद्धा एवढी तयारी नव्हती!" तिचा आवाज तेव्हाच अर्धा हवा झालेला होता.

मग त्याने हेडफोन लावला, ऐकलं, आणि त्याच्या कपाळावर ती ओळखीची आठी आली. सगळं घर गप्प केलं होतं, पण आईच्या श्वासाचं काय करणार? आजारी घशातून हवा जाताना एक बारीक फुसफुस यायची. ती त्याला सहन होईना. त्या रिसीव्हरमध्ये खरखर कमी करण्याची सोय होती: बंद, कमी, जास्त. मामाने 'जास्त' निवडलं. फुसफुस गेली. त्याचा चेहरा खुलला. त्याच संचात आवाजाची एक जशीच्या तशी, काही न कापलेली दुसरी प्रत ठेवायचीही सोय होती. मी पडद्यावर वाचून विचारलं, "हे चालू करायचं नाही का?" तर मीही आईसारखी शिक्षिका म्हणून चिडवत म्हणाला, "दोन प्रती कोण ठेवतो, मास्तरीणबाई? ज्याचा आपल्या हातावर भरवसा नाही तो."

तेवढ्यात आईने मला बाहेर काढलं. "तू जा कुठेतरी. तू समोर असलीस की मला रडू येईल, आणि मग याची मशीन बिघडेल." मी गेले. उगाच बाजारात हिंडत राहिले.

अडीच तासांनी परतले तेव्हा दोघं समोरासमोर चहा पीत बसले होते. आईचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका हलका दिसत होता. वर्षानुवर्षं पाठीवर वाहिलेलं काही उतरवून ठेवल्यासारखा. मामाही खूश होता. "टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती," म्हणाला. "असं स्वच्छ रेकॉर्डिंग मी आयुष्यात केलं नाही." आई हसतमुखाने ऑपरेशनला गेली. नर्ससुद्धा म्हणाल्या की असा पेशंट विरळा.

तीन आठवड्यांनी आई घरी आली. गळ्याला भोक, हातात एक पांढरी पाटी आणि मार्कर. त्या दिवशी ती दुपारी झोपल्यावर मी मामाच्या खोलीत जाऊन पहिल्यांदा ते रेकॉर्डिंग लावलं.

सुरुवात छान होती. आईने नेटाने, मोठ्याने बोलायला घेतलं होतं. कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत, माझ्या जन्माच्या दिवशी काय झालं, मी पहिल्यांदा पडले तेव्हा किती टाके पडले. मग तिचा आवाज खाली यायला लागला, ओळखीचा, घोगरा, दिवे मालवल्यावरचा. आणि तो तिथे यायला लागला तसा तुटायला लागला. एक शब्द, मग काहीच नाही. अर्धा शब्द, मग काहीच नाही. मग नुसतंच काही नाही. खरखरसुद्धा नाही. "...आली होती..." एवढं ऐकू आलं, आणि पुढे सहा मिनिटं शांतता.

मी हेडफोन मामाच्या हातात दिला. त्याने ऐकलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मला समजायला वेळ लागला, त्याला एका क्षणात समजलं. त्या यंत्राला खरखर आणि माणूस यांतला फरक कसा कळणार? आईचा आजारी, हवेचा आवाज त्याला खरखरीसारखाच वाटला. तिने आवाज खाली आणला की ते तिलाच पुसून टाकत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी गणित शिकवते, मी बेरीज केली. दोन तास अकरा मिनिटांपैकी त्रेपन्न मिनिटं कोरी होती. घंटा सगळी शिल्लक होती. माझी आई गेली होती.

"पण तुला तेव्हा कळलं कसं नाही?" मी ओरडले. "हेडफोन होता ना कानाला?"

"एका कानाला होता," तो म्हणाला. "दुसरा उघडा ठेवतो मी नेहमी. ती समोरच बसली होती. तिचा आवाज त्या कानाने येत होता. इकडे खरखर नाही एवढंच मी बघत होतो."

"उघड्या कानाने येत होता ना? मग तूच सांग. सहा मिनिटं काय बोलली ती? कोण आली होती?"

मामा खाली बघून म्हणाला, "मी मीटर बघत होतो गं."

यावर मी जे बोलले ते मला परत घेता येत नाही. मी म्हणाले, "तुझ्यापेक्षा ही भिंत बरी, मामा. भिंतीला निदान कान असतात." जिभेला हाड नसतं हे खरंच आहे. ज्या माणसाने मला सायकल शिकवली, माझ्या पहिल्या नोकरीच्या दिवशी माझ्या आधी उठून माझे कपडे इस्त्री केले, त्याला मी हे बोलले. त्यानंतर महिनाभर तो सभागृहातून आला की आपल्या खोलीत संगणकासमोर बसायचा. त्या कोऱ्या जागांचा आवाज वाढवून वाढवून बघायचा. शून्याला कितीने गुणलं तरी शून्यच येतं, हे मी त्याला सांगायची गरज नव्हती.

आईला आम्ही ताकास तूर लागू दिली नाही. ती विचारायची तेव्हा "सावकाश ऐकू" म्हणायचो. पण ती शिक्षिका, किती दिवस फसणार? चार महिने झाल्यावर एका संध्याकाळी तिने पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "लावा. आत्ता." आणि खाली दोन रेघा ओढल्या. दोन रेघा म्हणजे आमच्या घरात हुकूम.

आम्ही बसलो. आई आरामखुर्चीत, तिच्या समोर मी खाली, आणि मामा टेबलाशी, तिच्याकडे पाठ करून, संगणकाच्या पडद्याकडे डोळे लावून. किल्ल्या झाल्या, टाके झाले. मग तुटायला लागलं. मामाची मान खाली खाली जात होती. मी आईच्या चेहऱ्याकडे बघत होते. रागावेल, रडेल, पाटी फेकेल असं वाटलं होतं.

"...आली होती..." असं आलं, आणि शांतता झाली. त्या शांततेत आईचे ओठ हलायला लागले.

चार महिन्यांत मला तिचे ओठ वाचता यायला लागले होते. मामाला नव्हते येत, त्याच्याशी ती पाटीवरच बोलायची. त्या दिवशी काय बोलली ते तिला शब्दन्‌शब्द आठवत होतं. इतकी वर्षं मनात घोकलेलं माणूस कसं विसरेल? ती ते पुन्हा म्हणत होती, मामाच्या पाठीकडे बघून.

"ती आली होती दारात. तिकीट विभागातली, तू जिच्याबद्दल एकदाच बोललास ती. तू घरात आहेस का विचारत होती. मी म्हटलं, त्याचं दुसरीकडे ठरलंय, पुन्हा येऊ नकोस. तुझं काहीच ठरलं नव्हतं. माझ्या पदरात तीन वर्षांची पोर होती. म्हटलं, हा गेला तर आमचं काय? नंतर तू विचारलंस, कुणी आलं होतं का, तर मी नाही म्हटलं. तीस वर्षं तू इथे राबलास, आणि मी लोकांसमोर तुझी थट्टा केली. माझं चुकलं, बाळा. मला माफ कर."

ती पोर मी.

रेकॉर्डिंग संपल्यावर मामा उठला. "ताई, माझ्यामुळे सगळं गेलं," एवढंच म्हणाला आणि तोंड लपवायला स्वयंपाकघरात गेला. आईने पाटी ओढली आणि माझ्यासाठी लिहिलं, "असू दे. ज्याने ऐकायचं होतं त्याने ऐकलं." ते पुसून पुढे लिहिलं, "त्या रविवारी मी माफी मागितली तेव्हा याने वर बघून अंगठा वर केला. हसला सुद्धा. केवढं मन आहे याचं!"

मला त्या अंगठ्याचा अर्थ माहीत होता. काचेच्या खोलीतून स्टेजवरच्या माणसाला तो हजारो वेळा तसा अंगठा करताना मी पाहिलं होतं. लेव्हल बरोबर आहे, बोलत राहा, एवढाच त्याचा अर्थ असायचा. आई आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट बोलत होती, आणि मामाला ती खरखरीशिवाय मिळत होती.

मी पाटी पुसली. आणि गप्प बसले. मनाला सांगितलं की आईला शांती मिळालीय, ती कशाला मोडा? हे खोटं नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं. मामाने ऐकल्यावर माझ्याकडे कसं बघितलं असतं याची मला भीती वाटत होती. ज्या पोरीसाठी त्याचं दार लावलं गेलं, तिनेच त्याला भिंतीपेक्षा वाईट ठरवलं होतं. मी मूग गिळले ते स्वतःसाठी.

आई त्यानंतर चौदा महिने जगली. शेवटपर्यंत ती मामाशी फार मायेने वागली. त्याच्या ताटात आधी वाढायची, पाटीवर त्याच्यासाठी विनोद लिहायची. लग्नाचा तो जुना विनोद मात्र पुन्हा कधी लिहिला नाही. मामाला वाटायचं की आपण तिचा आवाज घालवला तरी ताई किती गोड वागते. त्याला त्या मायेचीही शरम वाटायची.

ती गेल्यावर महिन्याने आम्ही दोघं तिचं कपाट आवरत होतो. मामाने घड्या घालता घालता, माझ्याकडे न बघता विचारलं, "त्या दिवशी ती ओठ हलवत होती म्हणे. तेराव्याला मावशी आली होती, तिला तू सांगितलंस, ते मी ऐकलं. काय म्हणत होती?" आयुष्यात पहिल्यांदा मामा कुणाच्या शब्दांबद्दल विचारत होता. मी त्याला सगळं सांगितलं. ती तिकीट विभागातली, दार, मी, माफी, अंगठा. काही गाळलं नाही. भिंतीबद्दल मीही माफी मागितली.

त्याने हातातली चादर उलगडली आणि पुन्हा पहिल्यापासून घडी घालायला घेतली. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

"कधी आली होती ती?" त्याने विचारलं.

"आईने नाही सांगितलं."

"सकाळची आली होती का? सकाळी मी घरी असायचो. आतल्या खोलीत, रेडिओ घेऊन. कानाला हेडफोन असायचा माझ्या. दार वाजलेलं कळायचं नाही. मी आत होतो का गं तेव्हा?"

मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. ज्या एका माणसाला माहीत होतं, ते चौदा महिने याच घरात हातात पाटी घेऊन बसलेलं होतं, आणि मामाने एकदा विचारलं असतं तर तिने लिहून दिलं असतं.